राज्याचा पैसा कोठून येतो? : आफ्रिकेतील कर आणि गुंतवणूक

कोणत्याही देशाच्या आर्थिक विकासाची चर्चा करताना आपण बहुधा खर्चाच्या बाजूने सुरुवात करतो. किती मैल रस्ते झाले, किती शाळा निघाल्या, धरणांतून किती वीज मिळू लागली, याचे आकडे आपल्यापुढे मांडले जातात. हा खर्च ज्या पैशातून झाला तो राज्याने कोणाकडून व कोणत्या रीतीने गोळा केला, हा प्रश्न मात्र अंदाजपत्रकाच्या रुक्ष पानांत दडून राहतो. आफ्रिकेच्या बाबतीत असे करून चालत नाही. तेथील राज्ये कशी घडली, ती कोणाचे ऐकू लागली आणि कोणाचे ऐकेनाशी झाली, हे समजून घ्यावयाचे असेल तर त्यांच्या करांकडेच पाहावे लागते.

आफ्रिका खंडात चोपन्न देश आहेत. त्या सर्वांविषयी एका दमात बोलणे धाडसाचे होय. नायजेरियाच्या तेलाला लागू पडणारी गोष्ट रवांडाच्या डोंगराळ शेतीला लागू पडेलच असे नाही. तरीही गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. ज्या राज्याला आपला पैसा बंदरात किंवा खाणीच्या दारात उभे राहून वसूल करता येतो, त्याला गावोगाव फिरून लोकांची संमती मिळवण्याची निकड भासत नाही. उलट, दाराशी येणारा माल किंवा त्याचा भाव घटला की तेच राज्य एकाएकी लोकांकडे वळते, आणि तेव्हा लोक विचारतात, ‘आजवर तुम्ही आम्हाला काय दिले?’ या प्रकरणात आपण काही थोड्या देशांच्या आधारे ही गोष्ट तपासून पाहणार आहोत.

सुरुवात सिएरा लिओनपासून करणे सोयीचे आहे. फ्रीटाउन हे बंदर व त्याच्या आसपासचा मुलूख ही इंग्रजांची जुनी वसाहत होती. १८९६ मध्ये त्यांनी तिच्या मागचा विस्तीर्ण अंतर्भाग आपल्या संरक्षणाखाली घेतल्याचे जाहीर केले. लंडनच्या कोषागाराचा दंडक असा होता की, प्रत्येक वसाहतीने आपला खर्च आपणच भागवावा. नव्या मुलुखात पोलीस, अधिकारी आणि रेल्वे यांचा खर्च तर उभा राहिला, पण तेथे व्यापार बेताचा होता आणि जमिनीची मोजणी झालेली नव्हती. तेव्हा मोजता येण्याजोगी एकच वस्तू उरली, ती म्हणजे घर. गव्हर्नर फ्रेडरिक कार्ड्यू यांनी १८९८ च्या आरंभापासून दर घरामागे साधारणपणे पाच शिलिंग वार्षिक कर बसवला. तो गोळा करण्याची जबाबदारी गावच्या प्रमुखांवर टाकण्यात आली.

हा कर आपल्याकडील घरपट्टीसारखा वाटेल, पण त्यामागची समजूत निराळी होती. अंतर्भागातील लोकांच्या दृष्टीने आपल्याच घराबद्दल दुसऱ्याला पैसे देणे याचा अर्थ ते घर आपले नाही हे कबूल करणे असा होता. भाडे परक्याच्या घराचे देतात, स्वतःच्या नव्हे. शिवाय कर नाण्यांत भरावयाचा होता आणि नाणी गावात फारशी नव्हतीच. बाय बुरेह नावाच्या एका प्रमुखाने उत्तरेकडे लढा आरंभला आणि जवळजवळ दहा महिने इंग्रज सैन्याला झुंजत ठेवले. दक्षिणेकडेही उठाव झाला व त्यात पुष्कळ रक्तपात झाला. नोव्हेंबरमध्ये बाय बुरेह पकडला गेला. चौकशीसाठी लंडनहून आलेले सर डेव्हिड चाल्मर्स यांनी आपल्या अहवालात उठावाचे मूळ या करातच असल्याचे नमूद केले. पण वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी गव्हर्नरांची बाजू उचलून धरली. बाय बुरेहला हद्दपार करून गोल्ड कोस्टला पाठवले आणि कर कायम राहिला.

या प्रकारच्या करांचा हेतू तिजोरी भरणे एवढाच होता असे समजणे चूक ठरेल. केप वसाहतीत सेसिल ऱ्होड्स यांच्या पुढाकाराने १८९४ मध्ये झालेल्या ग्लेन ग्रे कायद्यात अशी तरतूद होती की, जो पुरुष वर्षातून तीन महिने आपल्या जिल्ह्याबाहेर मजुरी करणार नाही त्याने दहा शिलिंग भरावे. येथे कर हा हाकाऱ्याचे काम करतो. रानातून सावज उठवावे तसा तो माणसाला त्याच्या शेतातून उठवून खाणीकडे आणि गोऱ्यांच्या मळ्यांकडे पिटाळतो. नाताळमध्ये प्रत्येक प्रौढ पुरुषावर एक पौंड डोईपट्टी बसली, तेव्हा १९०६ मध्ये बंबाथाच्या नेतृत्वाखाली झुलू लोकांनी बंड केले. तेही मोडून काढण्यात आले.

पूर्व आफ्रिकेतील कराच्या इतिहासाशी आपल्या देशाचाही एक धागा जोडलेला आहे. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली, ती हिंदुस्थानातून नेलेल्या सुमारे बत्तीस हजार मजुरांच्या श्रमांवर. त्यांपैकी सुमारे अडीच हजार तेथेच मरण पावले. तिला पंचावन्न लाख पौंडांच्या आसपास खर्च आला. या प्रदेशांत १९२० पर्यंत चलन होते ते हिंदुस्थानी रुपयाचे. १९०० च्या बुगांडा करारान्वये प्रत्येक झोपडीमागे आणि प्रत्येक बंदुकीमागे ठरवलेली रक्कम तीन रुपये अशीच लिहिली गेली. रुपये मिळवण्यासाठी युगांडाच्या शेतकऱ्याला कापूस पिकवणे भाग पडले, त्या कापसाने रेल्वेचे डबे भरले आणि रेल्वेवरील खर्च पदरात पडू लागला. कर, गुंतवणूक आणि निर्यात यांची अशी साखळी वसाहतकारांनी हेतुपूर्वक जुळवली होती. त्या साखळीत कर भरणाऱ्याला विचारण्याची जागा कोठेच नव्हती.

स्वातंत्र्यानंतर घरपट्टी आणि डोईपट्टी हळूहळू मागे पडल्या. त्या अप्रिय होत्या, त्यांत उत्पन्नही थोडे होते. परंतु लोकांना न विचारता पैसा घेण्याची सवय मागे पडली नाही. तिने फक्त रूप बदलले. गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, हे त्याचे ठळक उदाहरण आहे, आणि तेथे थोडे थांबणे अगत्याचे आहे.

कोको हे पीक घानात कोणा कंपनीने आणले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील छोट्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या पैशाने जंगलाच्या जमिनी विकत घेऊन, दूरदूर स्थलांतर करून ते वाढवले. १९११ पर्यंत गोल्ड कोस्ट जगातील सर्वांत मोठा कोको-उत्पादक झाला होता. गुंतवणूक म्हणजे परदेशातून आलेले भांडवल असे मानणाऱ्यांनी ही घटना आवर्जून लक्षात घ्यावी. दुसऱ्या महायुद्धात बाजारपेठा तुटल्या, तेव्हा ब्रिटिश सरकारने सर्व पीक स्वतः खरेदी करण्यास आरंभ केला आणि १९४७ मध्ये त्यातून कोको पणन मंडळ जन्माला आले. या मंडळाची कल्पना कागदावर निर्दोष होती. जगाच्या बाजारात भाव चढले असता शेतकऱ्याला थोडे कमी द्यावे, उरलेले साठवावे आणि भाव पडले की त्या साठ्यातून त्याला आधार द्यावा. घडले ते असे की, शिल्लक लंडनमध्ये ब्रिटिश सरकारच्या रोख्यांत गुंतवली गेली. युद्धाने जर्जर झालेल्या ब्रिटनला अशा रीतीने गोल्ड कोस्टच्या शेतकऱ्याने कर्ज दिले, आणि हे त्याला कोणी सांगितलेही नाही.

क्वामे एन्क्रुमा यांचे सरकार आले तेव्हा हे तयार यंत्र त्यांच्या हाती पडले. १९५४ मध्ये त्यांच्या सरकारने शेतकऱ्याला साठ पौंड वजनाच्या बोजामागे बहात्तर शिलिंग हा भाव चार वर्षांसाठी बांधून दिला. लंडनचा भाव त्या वेळी दुपटीहून कितीतरी वर होता. मधला पैसा शाळा, रस्ते, बंदर आणि कारखाने यांसाठी हवा होता, आणि त्यांपैकी पुष्कळ गोष्टी खरोखरच उभ्या राहिल्या. एन्क्रुमांवर टीका करताना हे विसरता कामा नये. पण कोको पिकवणाऱ्या अशांती प्रदेशात संतापाची लाट उसळली आणि त्याच वर्षी कुमासी येथे विरोधी चळवळ उभी राहिली. तिच्या मागे प्रादेशिक अभिमान होता, जुन्या राजघराण्याची प्रतिष्ठा होती. तरी ठिणगी पडली ती बहात्तर शिलिंगांची.

पुढची तीस वर्षे एकामागून एक आलेल्या सरकारांनी, मुलकी असोत की लष्करी, हे यंत्र चालूच ठेवले. चलनाचा अधिकृत दर कृत्रिमपणे चढा ठेवल्यामुळे शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या सेडींना बाजारात किंमत उरली नाही. शेतकऱ्याने बंड केले नाही. त्याने नवी झाडे लावणे थांबवले, जुन्यांची निगा सोडली आणि पिकलेला कोको रात्रीच्या वेळी कोत दिव्हुआर व टोगोच्या सीमेपलीकडे पोहोचवला. १९६४-६५ मध्ये साडेपाच लाख टनांच्या वर गेलेले उत्पादन १९८३-८४ मध्ये सुमारे एक लाख साठ हजार टनांवर आले. कर चुकवण्याचा हा मार्ग कोणत्याही न्यायालयात नोंदला जात नाही. मात्र बंदरावरची आवक घटली की तिजोरीला तो कळतो.

१९८३ पासून घानाने अर्थव्यवस्थेची फेररचना हाती घेतली. सेडीचे अवमूल्यन झाले, शेतकऱ्याचा भाव वाढवला गेला. पण एकट्या कोकोवर राज्य चालणार नव्हते. तेव्हा सरकारने मूल्यवर्धित कराचा आसरा घेतला. हा कर मालाच्या विक्रीच्या प्रत्येक टप्प्यावर, त्या टप्प्यात वाढलेल्या किमतीवर आकारला जातो आणि अखेर ग्राहकाच्या खिशातून जातो. मार्च १९९५ मध्ये तो १७.५ टक्के दराने लागू झाला. व्यापाऱ्यांची तयारी नव्हती, लोकांना समजावून सांगितले गेले नव्हते. किमती भडकल्या. मे महिन्यात आक्रा शहरात ‘कुमे प्रेको’ या नावाने प्रचंड मोर्चा निघाला. ट्वी भाषेतील या शब्दांचा भाव ‘एकदाचे मारूनच टाका’ असा आहे. मोर्च्यात काही माणसे प्राणास मुकली आणि सरकारने कर मागे घेतला.

यानंतरचा भाग मला अधिक बोधप्रद वाटतो. डिसेंबर १९९८ मध्ये तोच कर १० टक्के दराने पुन्हा आणला गेला, या वेळी पूर्वतयारी करून. २००० मध्ये त्यावर अडीच टक्क्यांची भर पडली, पण ती शिक्षणनिधीसाठी राखून ठेवली होती. २००४ मध्ये राष्ट्रीय आरोग्य विम्यासाठी आणखी अडीच टक्के आकारणी सुरू झाली. म्हणजे नऊ वर्षांत एकूण बोजा १५ टक्क्यांवर गेला, ज्या १७.५ टक्क्यांसाठी माणसे मेली होती त्याच्या जवळपास. विरोध झाला, पण कर टिकला. पैसा कोठे जाणार हे लोकांना कळले होते. ही व्यवस्थाही निर्दोष राहिली नाही. २०१७ च्या एका कायद्याने अशा राखीव निधींकडे जाणाऱ्या रकमेवर मर्यादा घातली आणि राखून ठेवलेला पैसा पुन्हा सामान्य खर्चाकडे वळू लागला. मे २०२२ मध्ये भ्रमणध्वनीवरून पैसे पाठवण्यावर दीड टक्का कर बसला. लोक रोखीकडे वळले, अपेक्षेइतके उत्पन्न मिळाले नाही आणि त्याच डिसेंबरात घानाला परदेशी कर्जाची परतफेड थांबवावी लागली. तो कर पुढल्या वर्षी एक टक्क्यावर आला व २०२५ मध्ये रद्द झाला.

आता आपण शेतातून खाणीकडे वळू. खनिजांच्या बाबतीत प्रश्न अधिक अवघड असतो, कारण समोर शेकडो शेतकरी नसून एखादी बलाढ्य कंपनी असते. तिच्याकडून घ्यावयाच्या पैशाचे साधारणतः तीन मार्ग आहेत: काढलेल्या खनिजाच्या किमतीवर स्वामित्वधन, नफ्यावर आयकर आणि राज्याने भागीदारी घेतल्यास लाभांश. स्वामित्वधन पहिल्या दिवसापासून मिळते. नफ्यावरील कर कंपनी नफा दाखवील तेव्हाच मिळतो. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो. झांबिया आणि बोट्स्वाना हे शेजारी देश या संदर्भात एकत्र पाहण्यासारखे आहेत.

झांबियातील तांब्याचे स्वामित्वधन १९६४ पर्यंत सरकारच्या हक्काचे नव्हते. ते ऱ्होड्स यांनी स्थापन केलेल्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीला मिळे. जुन्या टोळीप्रमुखांशी केलेल्या करारांवर तिचा हा हक्क आधारलेला होता. स्वातंत्र्याच्या अगदी अखेरच्या घटकेस चाळीस लाख पौंडांच्या मोबदल्यात कंपनीने तो सोडला आणि त्यातील निम्मी रक्कम ब्रिटनने दिली. नव्या राष्ट्रात पदवीधर होते सुमारे शंभर. पण तांबे सात लाख टनांच्या आसपास निघत होते आणि भाव चांगला होता. सरकारच्या उत्पन्नाचा निम्म्याच्या जवळपास भाग तांब्यापासून येऊ लागला. केनेथ काउंडा यांनी शाळा व रुग्णालये बांधली, १९६९ मध्ये खाणींतील एक्कावन्न टक्के भाग घेण्याचे जाहीर केले. दक्षिणेकडील ऱ्होडेशियाचा मार्ग टाळण्यासाठी चीनच्या साहाय्याने दार-एस-सलामपर्यंत १,८६० किलोमीटरची रेल्वेही बांधवली.

१९७४-७५ मध्ये तांब्याचा भाव कोसळला. १९७७ च्या सुमारास खाणींपासून सरकारला मिळणारे उत्पन्न जवळजवळ शून्यावर आले. भाव पुन्हा वर येईल या आशेवर कर्ज काढले गेले. तो आला नाही. खाणींत नवी यंत्रे बसली नाहीत, उत्पादन घसरत घसरत २००० साली अडीच लाख टनांपर्यंत उतरले. अशा अवस्थेत, कर्जदारांच्या दबावाखाली, १९९७ ते २००० या काळात खाणी तुकड्या-तुकड्यांनी विकल्या गेल्या. गरजू विक्रेत्याला भाव करता येत नाही. ‘विकासकरार’ या नावाने केलेल्या करारांत स्वामित्वधन ०.६ टक्के इतके खाली आणले गेले आणि हे दर पंधरा ते वीस वर्षे बदलणार नाहीत, अशी हमी दिली गेली. २००२ मध्ये एका मोठ्या कंपनीने कोंकोला खाणीतून अंग काढून घेतले. २००४ मध्ये तेथील एक्कावन्न टक्के भाग भारतीय मूळ असलेल्या वेदांता समूहाने अडीच कोटी डॉलरना घेतला. नेमके याच सुमारास चीनच्या मागणीमुळे तांब्याचे भाव चढू लागले आणि दोन-तीन वर्षांत चौपट झाले.

येथे निःपक्षपातीपणे दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. गुंतवणूक खरोखर आली. नव्या खाणी निघाल्या, जुन्या सुधारल्या आणि काही वर्षांत उत्पादन पुन्हा सात लाख टनांवर गेले. पण तेजीच्या ऐन भरात राज्याच्या पदरात फारच थोडे पडले. २००८ मध्ये सरकारने कायदा करून ते करार मोडले, स्वामित्वधन ३ टक्के केले आणि चढ्या भावावर विशेष कर बसवला. त्याच वर्षाअखेर जागतिक मंदी आली आणि २००९ मध्ये विशेष कर मागे घ्यावा लागला. पुढे दर ६ टक्के झाला. मग एकदम २० टक्क्यांची घोषणा झाली, तेव्हा एका कंपनीने खाण बंद करण्याचा इशारा दिला आणि दर पुन्हा खाली आले. गुंतवणूकदाराला जास्त कर सोसतो. दर वर्षी बदलणारा कर सोसत नाही. झांबियाने आधी अगदी कमी मागितले आणि मग ती चूक दुरुस्त करण्याच्या घाईत पुन्हा पुन्हा दर हलवले. २०१९ मध्ये कोंकोला खाण सरकारने वेदांताकडून काढून अवसायकाच्या ताब्यात दिली, २०२४ मध्ये ती त्याच समूहाकडे परत गेली. मधल्या काळात, नोव्हेंबर २०२० मध्ये, झांबिया परदेशी रोख्यांवरील व्याज चुकते करू शकला नाही.

बोट्स्वाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तो झांबियापेक्षा कितीतरी गरीब होता. दुष्काळ पडलेला होता, डांबरी रस्ता दहा-बारा किलोमीटरांपलीकडे नव्हता आणि अंदाजपत्रकाचा जवळजवळ निम्मा खर्च ब्रिटनच्या अनुदानावर चाले. कदाचित याच दारिद्र्याचा त्याला उपयोग झाला. १९६७ मध्ये एका कायद्याने जमिनीखालची खनिजे टोळ्यांच्या मालकीतून काढून राष्ट्राच्या मालकीची करण्यात आली. राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा हे स्वतः बामांग्वाटो टोळीच्या राजघराण्यातले, आणि त्याच टोळीच्या भूमीत ओरापा येथे त्याच वर्षी हिरे सापडले. आपल्या लोकांच्या हाती जाऊ शकणारे धन त्यांनी सर्वांच्या नावावर केले, याचे मोल आकड्यांत मांडता येत नाही. शेजारच्या अनेक देशांत खनिजांवरून यादवी माजल्या, हे पाहिले म्हणजे त्याची कल्पना येते.

डी बिअर्स कंपनीशी आरंभीचा करार साधाच होता: राज्याचा हिस्सा १५ टक्के. पण हिऱ्यांचे साठे किती मोठे आहेत हे कळताच अर्थमंत्री क्वेट मासिरे आणि त्यांचे सहकारी पुन्हा वाटाघाटीस बसले आणि १९७५ पर्यंत हिस्सा ५० टक्क्यांवर गेला. कर, स्वामित्वधन आणि लाभांश मिळून नफ्याचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग राज्याकडे येऊ लागला. कंपनी निघून गेली नाही. १९८२ मध्ये तिने ज्वानेंगची आणखी मोठी खाण चालू केली. ‘करमुक्ती दिल्याशिवाय भांडवल येत नाही’ या सर्वत्र ऐकू येणाऱ्या विधानाला हे एक भक्कम उत्तर आहे. हिरे बोट्स्वानातच होते आणि दिलेला शब्द सरकार पाळील असा कंपनीला भरवसा होता, एवढे पुरले. आलेला पैसा राष्ट्रीय योजनेबाहेर खर्चावयाचा नाही, हा दंडक पाळला गेला आणि उरलेला परदेशी मालमत्तेत साठवला गेला. १९९४ मध्ये त्यासाठी ‘पुला निधी’ला आजचे रूप मिळाले. पुला म्हणजे पाऊस. कोरड्या देशाने आपल्या चलनालाही हेच नाव दिले आहे.

तथापि बोट्स्वानाची कहाणीही सुखान्त म्हणता येत नाही. तेथील विषमता जगातील सर्वाधिक विषमतांपैकी एक आहे, हिऱ्यांखेरीज दुसरा उद्योग फारसा रुजला नाही आणि प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्यांनी अलीकडे नैसर्गिक हिऱ्यांचा बाजार पाडला आहे. बोट्स्वानाचे हिरे ज्या सुरतेत पैलू पाडण्यासाठी येतात, त्याच सुरतेत हे कृत्रिम हिरेही तयार होतात. २०२४ मध्ये बोट्स्वानाची अर्थव्यवस्था आकुंचन पावली आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत अठ्ठावन्न वर्षे सत्तेवर असलेला पक्ष पराभूत झाला.

कंपनीकडून कर घेण्यात आणखी एक अडचण आहे, तिचा उल्लेख करून हा भाग संपवू. तांबे निघते झांबियात, पण ते विकत घेणारी कंपनी त्याच समूहाची, दुसऱ्या देशात नोंदलेली असू शकते. आपलेच तांबे आपल्याच भगिनी कंपनीला स्वस्तात विकले की नफा जेथे कर कमी तेथे उमटतो, आणि खाणीच्या हिशेबात तोटा राहतो. अशाच एका प्रकरणात २०२० मध्ये झांबियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मोपानी या तांबे कंपनीविरुद्ध, कर खात्याच्या बाजूने निर्णय दिला. खटल्यातील वर्षे मात्र एका दशकाहून जुनी होती. थाबो एम्बेकी यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने २०१५ मध्ये असा अंदाज मांडला की, अशा व इतर अवैध मार्गांनी आफ्रिकेतून दर वर्षी ५,००० कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाहेर जाते.

या व्यवहारांत मॉरिशसचे स्थान मोठे विलक्षण आहे. उसाच्या मळ्यांवर गेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांचा हा देश. त्यांत मराठी भाषकही आहेत. १९६१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी त्याच्या भवितव्याविषयी निराशेचा सूर काढला होता. मॉरिशसने तो खोटा ठरवला, प्रथम १९७० च्या कायद्याने उभारलेल्या निर्यात-उद्योगांच्या बळावर आणि नंतर अर्थव्यवहाराचे केंद्र बनून. भारताशी १९८२ मध्ये झालेल्या दुहेरी करनिवारण करारामुळे भारतातील समभागांवरील भांडवली लाभ भारतात करपात्र राहिला नाही आणि पुष्कळशी परदेशी गुंतवणूक मॉरिशसच्या नावाने आपल्याकडे येऊ लागली. २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या समभागांपुरती ही सवलत संपुष्टात आली. सेनेगल आणि झांबिया यांनी २०२० मध्ये मॉरिशसशी असलेले आपापले करार रद्दच केले. छोट्या बेटाला जे शहाणपण वाटले ते त्याच्या शेजाऱ्यांना महागात पडले. दोष कोणाचा, याचा निवाडा सोपा नाही.

छत्तीस आफ्रिकी देशांची सरासरी काढली तर २०२२ मध्ये करांचे उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १६ टक्के होते. श्रीमंत देशांत हे प्रमाण ३४ टक्क्यांच्या आसपास असते. १९९० च्या दशकात युगांडा, झांबिया, केनिया, टांझानिया, रवांडा या देशांनी करवसुलीसाठी स्वायत्त प्राधिकरणे स्थापली आणि वसुली सुधारली. परंतु प्राधिकरण कर गोळा करू शकते, संमती गोळा करू शकत नाही. याचे सर्वांत अलीकडचे प्रत्यंतर केनियात आले.

कर्जावरील व्याज भागवण्यासाठी केनिया सरकारने २०२४ च्या वित्त विधेयकात अनेक नवे कर सुचवले. पावावर १६ टक्के मूल्यवर्धित कर आणि मोटारींच्या किमतीवर अडीच टक्के वार्षिक कर ही त्यांतली दोन कलमे. ओरड झाल्यावर १८ जून रोजी ही दोन्ही कलमे वगळण्यात आली. तरीही राग ओसरला नाही. तो आता पावाच्या किमतीपुरता राहिलेला नव्हता. आधी भरलेल्या करांचे काय झाले, अधिकाऱ्यांचा थाटमाट कोणाच्या पैशावर चालतो, हे तरुण मुलेमुली विचारत होती आणि विधेयकाच्या कलमांचे अर्थ आपापल्या भाषांत एकमेकांना समजावून सांगत होती. २५ जून रोजी नैरोबीत जमाव संसदभवनात शिरला. पोलिसांच्या गोळीबारात अनेक जण ठार झाले. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष विल्यम रूटो यांनी विधेयकावर स्वाक्षरी करण्यास नकार देऊन ते मागे घेतले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यातील काही तरतुदी दुसऱ्या कायद्याच्या रूपाने पुन्हा आल्या. पावावरील कर मात्र त्यांत नव्हता.